वहीतली एकोणीस नावं

सफरचंदाचं पहिलं झाड मी निवडलंच नव्हतं. नर्सरीत गुलाबाचं खत आणायला गेले होते, दाराशी कमरेएवढी रोपं ओळीनं उभी होती. एकाच्या खोडाला बांधलेल्या पट्टीवर लिहिलं होतं, 'अ‍ॅना, कमी थंडीतही भरपूर फळ'. म्हटलं, जे कमी थंडीत येतं ते चांगल्या थंडीत तर झकासच येईल. बिनास्वेटरचा माणूस काटक असतो, तसाच काहीसा माझा हिशेब. घरी आणलं, खड्डा खणला, लावलं, आळं केलं. विषय संपला.

दोन वर्षांनी ते फुललं. शेजारच्या काकूंच्या जुन्या क्रॅबॲपलच्या, म्हणजे बारक्या आंबट फळांच्या सफरचंदाच्या, कळ्या तेव्हा घट्ट मिटलेल्या होत्या, सकाळी गवत पांढरं दिसत होतं आणि आमचं हे बाळ फुलांनी भरून उभं. फोटो काढून सगळ्यांना पाठवले. चौथ्या रात्री पारा उणे तीनवर गेला. सकाळी धावत जाऊन पाहिलं तर पाकळ्या जशाच्या तशा. हायसं वाटलं. काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "एक फूल तोडून आत बघ गं." नखानं फूल उभं चिरलं. मधला स्त्रीकेसर काळा पडला होता, विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. बारा फुलांत एक जिवंत निघालं. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं.

उमललेल्या सफरचंदाच्या फुलाला उणे दोनच्या आसपास इजा व्हायला लागते आणि उणे चारच्या सुमाराला जवळजवळ सगळा फुलोरा जातो, हे मी नंतर वाचलं. पुढच्या वर्षी तोच खेळ पुन्हा झाला. तेव्हा मात्र मी एक दोनशेपानी वही आणली आणि पहिल्या पानावर मला आवडणाऱ्या, ऐकलेल्या, फोटोत पाहून भाळलेल्या सफरचंदांची नावं लिहिली. एकोणीस भरली. ठरवलं होतं की यातलं सगळ्यात चविष्ट कोणतं ते शोधायचं आणि लावायचं. प्रत्यक्षात पुढची दीड वर्षं मी नुसती नावं खोडत होते.

आधी अ‍ॅनाचं काय चुकलं ते शोधलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. सफरचंदाचं झाड हिवाळ्यात झोपतं आणि त्याची झोप तासांत मोजतात. शून्य ते ७.२ अंशांमधले जितके तास मिळतील ते थंडीचे तास. ज्या त्या वाणाची गरज वेगळी. अ‍ॅना तयार झाली इस्रायलमधल्या ऐन शेमेर या किब्बुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, हिवाळा जेमतेम असलेल्या मुलखासाठी. तिला तीनशेच्या आतबाहेर तास पुरतात. मी दर तासाला तापमान नोंदवणारा एक छोटा डबा अंगणात टांगला आणि दोन हिवाळे मोजले. पहिल्या वर्षी ९१०, दुसऱ्या वर्षी ८६०. म्हणजे अर्धा हिवाळा सरायच्या आतच अ‍ॅनाची झोप पुरी होत होती. मग चार दिवस ऊन पडलं की ती उठून बसायची, आणि खरी थंडी तर अजून पुढेच असायची. कमी थंडी लागते हा तिच्या मुलखातला गुण माझ्या अंगणात अवगुण ठरला.

याच्या उलटंही होतं, हेही वहीत लिहून ठेवलं. थंडी कमी पडली तर जास्त तास मागणारी झाडं नीट जागीच होत नाहीत. पालवी उशिरा आणि तुटक येते, फुलं आज दोन, आठवड्यानं चार अशी येतात, फांद्या मध्येच बोडक्या राहतात. त्यामुळे कुणी विचारलं की कोणतं सफरचंद लावू, तर मी आधी विचारते, तुमच्याकडे थंडीचे तास किती? लोकांना मी टाळतेय असं वाटतं.

या मोजणीत अ‍ॅना आणि तिच्यासोबत लिहिलेलं डॉर्सेट गोल्डन अशी दोन नावं गेली. डॉर्सेट गोल्डन तर मूळचं बहामाचं, त्याला अ‍ॅनाहूनही कमी थंडी पुरते. राहिली सतरा.

मध्येच धाकट्यानं एक उपाय सुचवला. त्याला आवडलेल्या सफरचंदाच्या बिया त्यानं ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, दोन महिन्यांनी त्यांना मोडही आले. "आई, झाडं तयार आहेत, विकत कशाला आणतेस?" त्याला समजवावं लागलं की सफरचंदाचं बी आईवर जात नाही. प्रत्येक बी म्हणजे नवीनच सोडत. कधीमधी लागतेही. इंग्लंडमध्ये साउथवेल गावात १८०९ साली एका मुलीनं पेरलेल्या बियांतून ब्रॅमली आलं, ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ यांच्या आवारात आपोआप उगवलेल्या रोपातून ग्रॅनी स्मिथ. पण अशा एका रोपामागे आंबट, तुरट, लिंबाएवढ्या फळांची किती झाडं सरपणाला गेली असतील ते कोण लिहून ठेवतं? बियांतून आलेलं झाड फळायला सहा-आठ वर्षं सहज घेतं, त्यात उंचीही घरापर्यंत जाते. त्याची चार रोपं कुंडीत वाढताहेत. त्यांना त्यानं स्वतःचं, आजीचं, मांजराचं आणि एका फुटबॉलपटूचं नाव दिलंय. मी काही बोलत नाही.

तर, आवडलेलं वाण हवं असेल तर कलमच. आणि एका वाणाची जगभरातली सगळी झाडं ही एकाच झाडाचे तुकडे असतात. ही गोष्ट तोंडपाठ असून मला तिचा अर्थ कळायला वेळ लागला. सफरचंदाला आपल्याच वाणाचा पराग बहुतेक चालत नाही. म्हणजे एकाच वाणाची दोन झाडं शेजारी लावली तरी परागाच्या दृष्टीनं ते एकच झाड. गाला आणि रॉयल गाला अशी जोडी मी मोठ्या हुशारीनं लिहिली होती. पण रॉयल गाला म्हणजे गालाच्याच एका फांदीत बदल होऊन आलेला जास्त लाल अवतार, तेव्हा तीही जोडी बाद. पराग वेगळ्या वाणाचा हवा आणि दोघांचा फुलोरा एकाच वेळी हवा. अ‍ॅनाचा आणखी एक घोटाळा हाच होता. हिम पडलं नसतं तरी तिला पराग द्यायला त्या दिवसांत आसपास कुणी जागंच नव्हतं.

शिवाय काही वाणं घेतात पण देत नाहीत. जोनागोल्ड, मुत्सु, ब्रॅमली ही त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली. यांचा पराग निकामी. अशातलं एक लावायचं तर त्याच्यासाठी आणि एकमेकांसाठी म्हणून आणखी दोन लावावी लागतात. माझ्याकडे जागा मुळात दोन झाडांची, फार तर अडीच. ही तिन्ही नावं खोडताना वाईट वाटलं. जोनागोल्ड मी खाल्लेलं आहे.

इथं काकूंच्या क्रॅबॲपलनं मला वाचवलं. ते झाड लांबलचक फुलतं, जवळजवळ तीन आठवडे, आणि पराग भरपूर. कुंपणापासून सात-आठ पावलांवर. मधमाश्यांना कुंपण कळत नाही. एका वसंतात मी रोज त्याच्या कळ्यांची नोंद ठेवली, कधी गुलाबी टोक दिसलं, कधी पहिलं फूल, कधी भर, कधी गळती. काकू विचारायच्या, "माझ्या झाडाची कुंडली मांडतेयस का?" खरं तर हेच चाललं होतं. मधल्या काळात फुलणारं कोणतंही वाण या झाडाशी जमणार होतं.

मग रोग. आमच्याकडे वसंतात पाऊस रेंगाळतो आणि फवारणी करायची नाही हे मी आधीच ठरवलेलं. सफरचंदाचा स्कॅब ही बुरशी गळलेल्या पानांवर हिवाळा काढते आणि कोवळी पालवी फुटली की पावसासोबत उडते. अठरा-वीस अंशांना नऊ-दहा तास पानं ओली राहिली की तिचं काम होतं. पानांवर मखमली काळपट डाग पडतात, फळावर खवले येतात आणि फळ तडकतं. काकूंच्या शेजारी एका आवारात गालाचं झाड होतं. ओल्या वर्षी मी त्याच्याखाली उभी राहून पानं मोजली. हाताला आलेल्या वीस पानांत डाग नसलेली तीन होती. गाला, फुजी आणि कॉक्स ऑरेंज पिपिन त्या एका संध्याकाळी खोडली. कॉक्स तर सगळ्या बाबतींत नाजूक, फांद्यांना जखमा पाडणारा कँकरही त्याला धरतो. चवीचं कौतुक कितीही असो, माझ्याच्यानं ते लाड झाले नसते.

याच शोधात मला ती वाणं सापडली ज्यांची नावं माझ्या पहिल्या पानावर नव्हतीच. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांनी मिळून स्कॅबला न जुमानणारी सफरचंदं तयार करायचं काम केलं. ती ताकद घेतली मॅलस फ्लोरिबुंडा या बोराएवढी फळं देणाऱ्या शोभेच्या झाडातून. मग पिढ्यानपिढ्या मोठ्या, गोड सफरचंदांशी संकर करत करत फळ मोठं करत आणलं. तीन विद्यापीठांची आद्याक्षरं पी, आर, आय. म्हणून त्यांच्या अनेक वाणांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ती तीन अक्षरं दडवलेली आहेत. प्रिमा, प्रिसिला, प्रिस्टिन, एंटरप्राइज. हे कळल्यावर मी अर्धा तास नुसती यादी बघत बसले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या संशोधन केंद्रानं याच वाटेनं १९७८ मध्ये लिबर्टी आणलं. सगळीकडे ही ढाल कायम टिकलेली नाही, काही भागांत बुरशीच्या नव्या प्रकारांनी ती भेदली आहे. तरी न फवारता फळ खायचं तर सुरुवात इथूनच. जुन्या यादीला चार नवी नावं जोडली, लिबर्टी, एंटरप्राइज, गोल्डरश, प्रिस्टिन. एकोणीस खोडायला बसलेली बाई नावं वाढवत होती.

हनीक्रिस्पनं सगळ्यात जास्त छळलं. मिनेसोटा विद्यापीठाचं हे वाण, १९९१ साली लोकांपुढे आलं. चावलं की मोठे मोठे तुकडे फुटतात आणि तोंडभर रस. मनातून तेच हवं होतं. पण त्याला बिटर पिट फार, म्हणजे झाडातलं कॅल्शियम फळापर्यंत नीट पोचत नाही आणि सालीखाली तपकिरी कडवट ठिपके येतात. शिवाय एक वर्ष लगडलं की दुसऱ्या वर्षी दांडी मारायची सवय. तीनदा खोडलं, तीनदा परत लिहिलं. चौथ्यांदा पेनानं खोडलं.

उरलेल्यांतून निवड करायची तर चाखायला हवं होतं. एका बागायतदाराच्या बागेत पिकाच्या दिवसांत चव घ्यायला जाता येतं असं कळलं, तिथं दोनदा जाऊन आले. दोनदा, कारण लवकरची आणि उशिराची सफरचंदं एका दिवशी चाखता येत नाहीत. फोडींच्या खाली नावाऐवजी आकडे लिहायला सांगितलं आणि डोळे मिटून खाल्लं. प्रिस्टिन उन्हाळ्यातच तयार होतं, पिवळंधमक, खाताना सुंदर. पण लवकरची सफरचंदं टिकत नाहीत हा त्यांचा जातिधर्म, थोड्याच दिवसांत गर पिठूळ. एंटरप्राइज देखणं, गडद लाल, पण साल इतकी जाड की चघळून चघळून कंटाळा आला. लिबर्टी आंबटगोड, करकरीत, फार नखरे नाहीत. गोल्डरशला मी वहीत लिहिलं, 'लिंबू! याला कोण लावतं?' बागेतली बाई हसली. आतून मागच्या हंगामातलं, शीतपेटीत ठेवलेलं एक फळ घेऊन आली. साल थोडी सुरकुतली होती. चावलं तर टणक, सुगंधी आणि कमालीचं गोड. तेच सफरचंद. "ताई, हे झाडावरून खायचं नाही, ठेवून खायचं," ती म्हणाली. लिंबूचा शेरा तसाच ठेवून त्याभोवती मी गोल काढला.

तर दोन ठरली, मधल्या हंगामाला लिबर्टी आणि अगदी शेवटी गोल्डरश. दोघांना पराग द्यायला काकूंचा क्रॅबॲपल.

वाण ठरलं की काम झालं असं वाटत होतं. अजून अर्धं झाड ठरायचं होतं, जमिनीखालचं. झाड किती मोठं होणार, किती वर्षांत फळणार, चिखलात टिकणार की नाही, हे बरंचसं खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात तो, ठरवतो. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग इथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इकडून तिकडून गोळा केलेल्या खुंटांची छाननी करून त्यांना एम आणि पुढे आकडा अशी नावं दिली. आकड्यांचा आणि उंचीचा काही संबंध नाही, हे लक्षात ठेवा. एम २७ सगळ्यात बुटका, एम ९ त्याच्याहून थोडा मोठा, आणि एम २५ दांडगा. नंतरच्या एमएम मालिकेत नॉर्दर्न स्पाय या सफरचंदाचं रक्त मिसळलं, कारण त्याच्या मुळांना लोकरी मावा लागत नाही.

मी नर्सरीला फोन केला. "खुंट कोणता आहे?"

"बुटकं आहे, ताई."

"हो, पण कोणता?"

"एकदम बुटकं. काळजी करू नका."

तिसऱ्या ठिकाणी आकड्यात उत्तर मिळालं. पहिल्यांदा एमएम १०६ घ्यायचं मनात होतं, बेताचं झाड होतं, आधार फारसा लागत नाही. पण माझ्या अंगणाच्या त्या कोपऱ्यात पाणी साचतं असा संशय होता. फूटभर खोल खड्डा खणला, संध्याकाळी पाण्यानं भरला, जिरलं की पुन्हा भरला. सकाळी बघते तर बेडूक पोहत होता. एमएम १०६ ला अशा जागी बुंधा कुजण्याचा रोग पकडतो. म्हणून एम ९. त्याची मुळं उथळ आणि ठिसूळ, जन्मभर खांबाचा आधार लागतो, पण बुंधा कुजण्याला तो बराच दाद देत नाही, आणि तिसऱ्या वर्षी फळ दाखवतो. जागेवर गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत उंचवटा केला, लोखंडी खांब गाडले, दोन्ही झाडं लावली.

गोल्डरश शहाण्यासारखं हळू वाढलं. लिबर्टी मात्र दोन वर्षांत माझ्या डोक्यावरून गेलं, खांब मागे पडला. नर्सरीवाल्यानं खुंट बदलून दिला अशी माझी पक्की खात्री. घरी सगळ्यांना ऐकवलं, काकूंना ऐकवलं, एक लांब तक्रारही लिहून ठेवली. पाठवायच्या आधी पुरावा म्हणून खोडाच्या जोडाचा फोटो काढायला गेले तर जोड दिसेचना. पालापाचोळा बाजूला केला, मग माती, मग आणखी माती. दर हिवाळ्याला मी प्रेमानं घातलेलं आच्छादन उंचवट्यावरून सरकून बुंध्याशी साचलं होतं. चार बोटं खाली जोड सापडला आणि त्याच्या वरून, लिबर्टीच्या स्वतःच्या खोडातून, पेन्सिलीएवढी तीन पांढरी मुळं जमिनीत गेलेली. झाडानं बुटक्या खुंटाला बाजूला सारून स्वतःचा संसार थाटला होता. मुळं कापली, माती ओढली, जोड जमिनीच्या वितभर वर मोकळा केला. तक्रार फाडली. काकूंना अजून खरं सांगितलेलं नाही.

पहिल्या दोन वर्षांची फळं लहान असतानाच खुडून टाकली. हे करताना हात थरथरतात, पण कोवळ्या झाडावर फळं ठेवली तर झाड वाढत नाही. तिसऱ्या वर्षी विरळणी करून प्रत्येक घोसात एकच फळ, दोन फळांत वितीचं अंतर. लिबर्टीची अकरा मिळाली, गोल्डरशची सहा. ती सहा मी भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या तळाशी ठेवली आणि पिशवीवर 'हात लावू नये' असं लिहिलं. पानगळ संपली, हिवाळा सरत आला, तेव्हा पाच उरली होती. धाकटा म्हणतो मांजरानं खाल्लं असेल.

आणि अ‍ॅना? कापून टाकायला निघाले होते, पण मुळं जमलेली, खोड मनगटाएवढं. हिवाळ्याच्या शेवटी गोल्डरशच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घेतल्या, अ‍ॅनाच्या दोन फांद्या आडव्या कापून पाचर कलम केलं. सालीला साल नीट भिडेल असं बसवायचं, टेपनं घट्ट बांधायचं, वर मेण. चारपैकी तीन लागली. त्या फांद्या आता उशिरा, सगळ्यांबरोबर फुलतात.

तिसरी एक फांदी अ‍ॅनाचीच ठेवली होती, जोर कमी पडू नये म्हणून. गेल्या वर्षी हिम लवकर आटोपलं. ती फांदी नेहमीप्रमाणे आधीच फुलली, आणि काकूंच्या झाडाचं एक खट्याळ टोक तेव्हाच उमललं असावं. भर उन्हाळ्यात, बाकी सगळी सफरचंदं अजून सुपारीएवढी असताना, अ‍ॅनाला पाच फळं धरली. लांबट, पिवळी, एका गालावर लाली. तोडल्यावर आठवड्यात संपवायची होती, संपवली. एक काकूंना दिलं. त्यांनी तिथंच कुंपणाशी उभं राहून खाल्लं, बी हातात काढलं आणि विचारलं, "हेच ना ते तू खोडलेलं?"

वही शोधली. पहिलं पान आता फाटायला आलंय.